पाठाच्या चित्रफितीस पार्श्वसंगीत

२०२० साली शाळा बंद असताना अनेक शिक्षकांनी मोबाईलवर पाठ चित्रित करून यूट्यूबवर ठेवले. ही प्रथा आजही चालू आहे. अशा पाठामागे एखादे चित्रपटगीत लावण्याचा मोह होतो. परंतु स्वामित्वहक्क असलेले ध्वनिमुद्रण तेथील यंत्रणा आपोआप ओळखते, आणि मालकाने तसे ठरविले असल्यास पाठ अडविला जातो. भारतीय कायद्यान्वये ध्वनिमुद्रणावरील हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. जात्यावरची पारंपरिक ओवी सर्वांची असली, तरी तिचे ध्वनिमुद्रण ज्याने केले त्याचा त्यावर हक्क असू शकतो.

म्हणून स्वतः संगीत रचणे उत्तम. शाळेतील बाजाची पेटी त्यास पुरेशी होय. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. उरलेल्या सा, रे, ग, प, ध या पाच शुद्ध स्वरांत, केरव्याच्या आठ मात्रांची दोन आवर्तने भरतील एवढी सुरावट बांधावी व तीच पुनःपुन्हा वाजवावी. शब्दयुक्त गीत टाळावे; कारण गीताचे शब्द व शिक्षकाचे शब्द एकदम कानी पडले, की मुलाचे लक्ष दुभंगते.

संगीत बोलण्याहून सुमारे २० डेसिबल मंद असावे. मोजण्याचे साधन नसल्यास, वर्गातील कमी ऐकू येणाऱ्या मुलास चित्रफीत ऐकवावी. त्यातील नवा शब्द त्याला अचूक लिहिता आला नाही, तर संगीत आणखी उतरवावे. व्याख्या किंवा गणिताची पायरी सांगताना तर ते पूर्णपणे थांबवावे.