हसताना पुढे येणारी हनुवटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही महिन्यांपूर्वी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. बोलायला मोकळी, पण हसू आलं की ओढणीचं टोक लगेच तोंडापाशी. वडील म्हणाले, "डॉक्टर, स्थळं बघतोय. फोटोत हिची हनुवटी फार पुढे येते. काही करता येईल का?" मी मुलीकडे वळून विचारलं, "तुला काय खटकतं, ते तू सांग." ती म्हणाली, "एरवी काही नाही हो. फक्त हसले की. शाळेत मुली चेटकीण म्हणायच्या."

'फक्त हसले की' हे तिचे तीन शब्द माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते. हनुवटीचं हाड काही हसताना वाढत नाही. मग पुढे येतं ते काय?

आरशासमोर उभे राहा आणि हनुवटीवर बोट ठेवून मोठ्याने हसा. हनुवटीच्या हाडावर स्नायू आणि चरबीची एक छोटी गादी असते. आपण हसतो तेव्हा ओठांचे कोपरे वर आणि मागे खेचले जातात, खालचा ओठ दातांवर ताणला जातो आणि ही गादी हाडावर घट्ट बसते. पातळ कापड टेबलाच्या कोपऱ्यावर ताणलं की कोपरा उठून दिसतो, तसं हाडाचं टोक दिसू लागतं. काहींच्या बाबतीत ही गादी सैल असते आणि हसताना हाडाच्या कडेखाली घसरते. मग हनुवटी लांब आणि टोकदार वाटते.

याच जागी मेंटॅलिस नावाचा स्नायू आहे. खालच्या पुढच्या दातांच्या मुळांखाली हाडावर तो सुरू होतो आणि हनुवटीच्या त्वचेत शिरतो. लहान मूल रडायच्या बेतात असताना खालचा ओठ काढतं आणि हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडतात, ते याच स्नायूचं काम. काही माणसांमध्ये तो हसतानाही जोरात आवळतो. ज्यांचे ओठ सहज मिटत नाहीत, त्यांना तोंड मिटण्यासाठी तो दिवसभर राबवावा लागतो. तिथे मूळ दुखणं दातांचं किंवा जबड्याचं असतं, हनुवटी फक्त तक्रार करते.

म्हणून मी आधी चेहरा शांत असताना बाजूने बघतो, मग दात एकमेकांवर कसे बसतात ते बघतो. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे जात असतील तर प्रश्न जबड्याचा आहे. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा जबडा चित्रांमुळे जगप्रसिद्ध झाला. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (1661–1700) याची चित्रं पाहिली की तो लगेच ओळखू येतो. 2019 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी या घराण्यातल्या व्यक्तींची चित्रं तज्ज्ञांकडून तपासून घेतली, तेव्हा खालचा जबडा पुढे असण्याबरोबर वरचा जबडा मागे राहिल्याच्या खुणाही दिसल्या. हे आमच्याकडे रोजच दिसतं. लोक मोठ्या हनुवटीची तक्रार घेऊन येतात आणि प्रत्यक्षात वरचा जबडा लहान असतो. अशा वेळी नुसती हनुवटी तासून काय होणार? आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडून दात तारांनी जागेवर आणायचे आणि मग जबड्याची शस्त्रक्रिया करायची. पण ती जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच. मुलींची वाढ साधारण सतरा-अठराव्या वर्षी थांबते, मुलांची त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन 'आत्ताच करून टाका' म्हणणाऱ्या आईवडिलांना मी परत पाठवतो.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो. वाढीचं वय संपल्यावर, तिशी-चाळिशीत, हनुवटी किंवा जबडा मोठा होतोय असं वाटलं, अंगठी घट्ट होऊ लागली, चपलेचा नंबर वाढला, दातांमध्ये फटी पडल्या, तर सौंदर्यतज्ज्ञाकडे मुळीच जाऊ नका. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे असं होऊ शकतं. या आजाराला अ‍ॅक्रोमेगली म्हणतात आणि तो वेळीच ओळखणं गरजेचं असतं. आधी फिजिशियन गाठा.

आता उपाय. स्नायू जास्त आवळत असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या बोटॉक्सचं, छोटं इंजेक्शन देता येतं. अमेरिकेत 1989 मध्ये या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता 2002 मधली. त्याने स्नायू थोडा सैलावतो. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. फायदा हाच आणि तोटाही हाच. सुई थोडी बाजूला गेली तर शेजारचा, खालचा ओठ खाली ओढणारा स्नायू सैल पडतो आणि हसू काही आठवडे वाकडं होतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि मायस्थेनिया ग्रेविससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी हे घेऊ नये.

दुसरा उपाय फिलरचा. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे असतील तर तिथे हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल भरून टोकदारपणा सौम्य करता येतो. पुढे आलेल्या हनुवटीत आणखी भर घालायची, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सपाटी आली की टोक कमी जाणवतं. मात्र जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचेचा तुकडा मरू शकतो. ते विरघळवणारं औषध हाताशी असेल आणि ते वापरता येणारा डॉक्टर समोर असेल, तिथेच हे इंजेक्शन घ्यावं. पार्लरमध्ये सवलतीत मिळतं म्हणून घेऊ नये. या बाबतीत मी अगदी कर्मठ आहे.

हाड खरोखरच मोठं असेल तर शस्त्रक्रिया. खालच्या ओठाच्या आतून छेद घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पण नुसतं हाड घासून कमी करणं ही फसवी सोपी वाट आहे. हाड कमी झालं तरी वरची गादी तेवढीच राहते. उशी काढली आणि अभ्रा तसाच राहिला तर तो लोंबणारच. त्यातून मेंटॅलिस स्नायू पुन्हा नीट शिवला नाही तर हनुवटी खाली ओघळते आणि हसताना आधीपेक्षा वाईट दिसते. म्हणून बरेच सर्जन हनुवटीचा तुकडा आडवा कापून, स्नायू शक्य तितके त्याला तसेच ठेवून, तो मागे सरकवतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. गादीच सैल असेल तर हनुवटीखालच्या घडीत छेद घेऊन ती आवळतात. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जवळूनच जाते. त्यामुळे ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहतो, क्वचित कायमचा. सही करण्यापूर्वी हे नीट विचारून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठी असलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च बहुतेक आरोग्यविम्यातून मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

त्या मुलीचे दात उत्तम बसत होते आणि हाडही बेताचं होतं. स्नायू जोरदार होता, बस. मोबाइलवरचे फोटो पाहिले तर बहुतेक हात खाली धरून, जवळून काढलेले. जवळच्या कॅमेऱ्याला जे सर्वांत जवळ ते मोठं दिसतं. मी तिला सांगितलं, "शस्त्रक्रियेची गरज नाही. हवं असेल तर एकदा इंजेक्शन घेऊन बघता येईल. पण समारंभाच्या निदान महिनाभर आधी, म्हणजे काही कमी-जास्त झालं तर सावरायला वेळ मिळेल." तिने एकच प्रश्न विचारला, "हसणं माझंच राहील ना?" मी म्हटलं, "बहुधा राहील. खात्री देणार नाही." ती म्हणाली, "मग विचार करते."

एवढा वेळ वडील गप्प होते. हनुवटी हुबेहूब त्यांचीच होती, पण त्यांची जास्त उठून दिसत होती, कारण दाढा पडलेल्या आणि तोंड मिटलं की जबडा वर चढत होता. दात गेले की नाक आणि हनुवटी जवळ येतात, आजीआजोबांच्या चेहऱ्यात आपण हे पाहिलेलं असतं. मी कागदावर दंतवैद्याकडे जाण्याची सूचना लिहिली आणि ती वडिलांच्या हातात दिली. मुलगी एवढी हसली की ओढणी वर न्यायचं विसरून गेली. तिने इंजेक्शन अजून घेतलेलं नाही. वडिलांची कवळी मात्र गेल्या महिन्यात बसली.