वेबपानावरची देवनागरी
इंग्रजी मजकुरासाठी आखलेली सजावट मराठीवर जशीच्या तशी चढवली, की पहिला फटका शिरोरेषेला बसतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवलं, तर अक्षरं जोडणारी रेघ तुटते. देवनागरीत ते शून्यच ठेवावं. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हवं. वर रफार, वेलांट्या, मात्रा, खाली उकार आणि उभी जोडाक्षरं, या सगळ्यांना जागा लागते. ‘लाइन-हाइट’ १.६च्या आसपास असली की वाचताना डोळे शिणत नाहीत. फॉन्ट हवा असेल, तर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि सलग मजकुराला शोभतो.

सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे एचटीएमएलमध्ये ‘लँग’पुढे मराठीचा ‘एमआर’ हा संकेत लिहिणं. फॉन्टमध्ये सोय असेल, तर त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या मराठी वळणाचे उमटतात.