सहल, पोट आणि संशय

सहलीला निघायच्या आठ दिवस आधीपासून आपल्या घरांतून याद्या होऊ लागतात. कोणाच्या बॅगेत स्वेटर, कोणाच्या पिशवीत दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. घाटात गाडी लागते म्हणून आलेपाकाच्या वड्या. शिवाय 'असू दे, लागतं' या सदरात मोडणाऱ्या मेणबत्तीपासून सुतळीपर्यंतच्या असंख्य वस्तू. या यादीत पोटाच्या आजाराला मात्र जागा नसते. तो विषय निघालाच तर एका वाक्यात संपतो : 'बाहेरचं अरबट-चरबट खाऊ नका.' एवढं बजावलं की घरातल्या वडीलधाऱ्यांचं कर्तव्य संपलं.

वाक्य चुकीचं नाही. उघड्यावर चिरून ठेवलेली फळं, कुठल्या पाण्याचा कोण जाणे असा बर्फ, सकाळपासून टपरीवर तशीच उघडी पडलेली चटणी, यांनी पोट बिघडतं हे खरंच आहे. पण या वाक्यामुळे आपल्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे, की सहलीतलं दुखणं नेहमी परक्याच्या हातून येतं. पुष्कळदा ते आपल्याच गाडीत, आपल्याच माणसाच्या मांडीवर बसून आलेलं असतं. आणि तरीही बोट दाखवलं जातं ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघराकडे.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे अकरा जण, दोन गाड्या करून दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैला गेलो होतो. ताम्हिणी घाटात चार वर्षांच्या नातवाला उलटी झाली. 'गाडी लागली' असा निकाल एकमताने झाला. त्याच्या आत्याने नॅपकिनने त्याचं तोंड पुसलं, गाडी पुढे निघाली, आणि थोड्या वेळाने वेफर्सची पुडी मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर अशी हातोहात फिरू लागली. रात्री मुक्कामी पोचल्यावर सुरमईचं साग्रसंगीत जेवण झालं. रविवारी दुपारी सून आणि थोरली नात आडव्या झाल्या, रात्री आत्या, सोमवारी सकाळी आणखी दोघं. उलट्या, जुलाब, पोटात कळा. मेहुण्यांनी खटल्याचा निकालच देऊन टाकला : "भावोजी, सुरमईनेच घात केला."

उभा जन्म बँकेत खतावण्या जुळवण्यात गेल्यामुळे अशा वेळी मला कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहवत नाही. अकरा नावं लिहिली. कोणी काय खाल्लं आणि कोणाला किती वाजता सुरू झालं ते समोर मांडलं. आत्या शाकाहारी, तिने मासळीला स्पर्शही केला नव्हता. सर्वांत जास्त तुकड्या खाणारे खुद्द मेहुणे ठणठणीत होते. आणि पहिली उलटी जेवणाच्या सात-आठ तास आधीची! एका जेवणाने घात केला असता तर बहुतेक जण मागेपुढे थोड्या तासांच्या अंतराने एकदमच कोसळले असते. इथे एकानंतर दुसरा, दिवसाच्या अंतराने, असे हप्ते पडले होते. दापोलीच्या डॉक्टरांनी हा कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो नातवाच्या शाळेचा. पुण्याला फोन केल्यावर कळलं, त्याच्या बालवर्गातली बरीच मुलं गुरुवारपासून उलट्यांनी घरी होती.

मला त्या दिवसातलं जे लक्षात राहिलं ते मात्र वेगळंच. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या बाईंच्या कानावर आमची कुजबुज गेली होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभ्या राहिल्या. "काका, खरं सांगा, माझ्या ताटात काही कमी-जास्त झालं का? एकदा नाव गेलं की या वाडीत पुन्हा कोण पाहुणा यायचा?" वर्षातल्या चार-पाच महिन्यांच्या पाहुण्यांवर त्यांचं घर चालत होतं. मी त्यांना कागद दाखवला, नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी येणारे पाहुणे त्यांनी एक दिवस पुढे ढकलले, चादरी उकळल्या, न्हाणीघर धुऊन काढलं. त्या खाड्याचं भाडं आम्ही देऊ केलं तर घेईनात. शेवटी वहिनींनी ते त्यांच्या देवापुढे ठेवलं. पाहुणा म्हणून जाताना आपण काय घेऊन जातो आणि मागे काय ठेवून येतो, हे यजमानांना सांगायची आपल्याकडे रीत नाही. आजार लपवून, घाईघाईने बिल चुकतं करून निघून जायचं, आणि त्याच खाटेवर संध्याकाळी दुसऱ्यांची मुलं झोपायची. ही रीत बदलायला हवी.

या जातीच्या दुखण्यात हमखास सापडणारा आरोपी म्हणजे नोरोव्हायरस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे; तिथल्या शाळेत १९६८ साली अशीच साथ आली, १९७२मध्ये तो विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि गावाचं नाव कायमचं त्याला चिकटलं. शरीरात शिरल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत तो उठतो आणि एक ते तीन दिवसांत बहुतेकांना सोडतो. पण आजारी पडायला त्याचे अगदी मोजके कण पुरतात. उलटीबरोबर डोळ्यांना न दिसणारे थेंब आसपास उडतात. नळाची तोटी, दाराची कडी, टीव्हीचा रिमोट यांवर तो दिवसचे दिवस तग धरतो. २०२०पासून आपल्या प्रत्येक पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली आली, पण हा विषाणू अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. त्याला हवा साबण, वाहतं पाणी आणि २० सेकंद सावकाश चोळणं. लहान मुलांचा दुसरा शत्रू रोटाव्हायरस. त्याची लस २०१६पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आहे. नोरोव्हायरसला अशी ढाल अजून नाही.

म्हणून सहलीच्या यादीत मी साबण पहिला लिहितो. लहानपणी जत्रेत कागदी साबणाची चिमुकली डबी मिळायची, तशी आजही मिळते; हॉटेलच्या बेसिनवर साबण असेलच असं नाही. वेफर्स आणि भडंग पुडीतून नव्हे, ज्याच्या त्याच्या वाटीत. पाण्याच्या बाटलीला तोंड न लावता वरून पिण्याची आपली जुनी सवय फार शहाणपणाची होती; नव्या चोखायच्या बाटल्यांनी ती घालवली. आमच्या आजीचं उष्ट्या-खरकट्याचं शास्त्र मला तेव्हा जाचक वाटायचं. त्यात सोवळ्याचा भाग पुष्कळ होता, सगळंच काही आरोग्यशास्त्र नव्हतं. पण एकाचं भांडं दुसऱ्याने न वापरणं यातला व्यवहार पक्का होता.

कोणी आजारी पडलंच, तर घरातल्या एकानेच त्याची सेवा करावी आणि त्या माणसाने त्या काळात कोणाला वाढू नये. नेमकं उलट होतं. जी आई मुलाची उलटी काढते तीच पाच मिनिटांनी पोळ्या वाढायला उभी राहते. दोन न्हाणीघरं असतील तर एक आजाऱ्यांसाठी ठेवावं. टॉवेल वेगळे. उलटी पुसताना हातात प्लॅस्टिकची पिशवी, वर जुनी वर्तमानपत्रं, नंतर त्या जागी ब्लीचचं पाणी थोडा वेळ राहू द्यावं. नुसत्या ओल्या फडक्याने पुसलं तर दुखणं खोलीभर पसरतं.

आता उपचाराचं. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पेटली. रुग्ण जमिनीवर, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला, तोट्या लावलेली पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजा म्हणाले. पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण तिथे ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. गुपित एवढंच, की आतड्यातून साखर आत जाताना मिठालाही सोबत घेऊन जाते, आणि मिठामागोमाग पाणी जातं. महालनबीस २०२२मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मिळालं ते मरणोत्तर, २०२३मध्ये. त्यांचं ते पाणी म्हणजेच आपली जलसंजीवनी, ओआरएस.

इतकं सोपं औषध आपण चुकीचं घेतो. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ओततो, किंवा अर्धीच वापरतो. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, पूर्ण पुडी. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्यावं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो. दुकानातल्या गोड पेयांच्या डब्यांना ओआरएस समजू नये. असं नाव लावून विकण्यास अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. मूल उलटी करतं म्हणून पाणी बंद करणं ही सर्वांत घातक समजूत. दहा मिनिटं थांबावं, मग चमच्या-चमच्याने, मिनिट-दोन मिनिटांनी. आणि लंघन नको. कोकणात आजारी माणसाला पेज द्यायला कोणाला सांगावं लागत नाही. पेज, मऊ भात, केळं, ताक, अंगावरचं दूध सगळं चालतं. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर सोबत झिंक देतात, साधारण १४ दिवसांसाठी; जुलाब थांबले म्हणून ते मध्येच सोडू नये. केमिस्टकडून आणलेली जुलाब बांधायची गोळी लहान मुलांना देऊच नये. विषाणूला अँटिबायोटिकही चालत नाही.

बायकांबद्दल मात्र वेगळं बोललं पाहिजे. वाटेत धड स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून आपल्याकडच्या बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुळात कोरडं पडलेलं शरीर, त्यात जुलाब लागले तरी त्या सांगत नाहीत, कारण गाडी थांबवावी लागेल, चारचौघांत शोभा होईल. एका यात्रा कंपनीच्या बसमधून जाताना शेजारच्या सीटवरच्या बाई दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी उतरताना चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळलं, रात्रीपासून पोट वाहत होतं. सहलीच्या प्रमुखाने सकाळच्या चहाला 'सगळ्यांचं पोट ठीक ना?' असं सरळ विचारावं, आणि वाटेत थांबण्याच्या जागा आधीच ठरवून सांगाव्यात. यात लाजायचं काय?

म्हाताऱ्यांचंही असंच. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर जुलाबाच्या दिवशी ती घ्यावीत की नाही, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. आणि सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल रडतं पण डोळ्यांत पाणी नाही, सुस्तावलं, शौचात रक्त दिसलं, पाण्याचा थेंबही ठरत नाही, यातलं एकही दिसलं तर समुद्र, देऊळ, हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे सगळं विसरून दवाखाना गाठावा.

घरी परतल्यावर मळलेले कपडे वेगळे, गरम पाण्यात. उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही निदान दोन दिवस त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये, असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडे सर्वांत शेवटी आजारी पडते ती बहुधा घरातली बाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कणकेत हात असतो तोही तिचाच. तेव्हा पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात, वरण-भाताचा कुकर घरातल्या पुरुषांनी लावावा. तीन शिट्ट्या मोजायच्या असतात, फारसं अवघड नाही.