दरडीनंतर डॉक्टरांच्या पिशवीत काय काय?

सानपाड्यात तुम्ही नळ सोडता, तेव्हा येणारं पाणी कुठून येतं, ठाऊक आहे? खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून! या धरणाजवळच इर्शाळगड आहे. गडाच्या उतारावर ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३च्या रात्री, मुसळधार पावसात, तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवावा लागला.

वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनीच ढिगारा उपसावा लागला. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला चढतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचा मृत्यू झाला.

आता समजा, अशाच एखाद्या वाडीसाठी सानपाड्याहून डॉक्टरांचं स्वयंसेवी पथक निघायचं आहे. तयारी कुठून सुरू कराल? तुम्ही म्हणाल, औषधं भरायची! थांबा. आधी फोन करायचा, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला. कुणी पोचलंय, काय हवंय, वाट सुरू आहे का? न विचारता गर्दी केली, तर अरुंद वाटेवर जखमींना खाली आणणाऱ्यांचीच अडचण होते.

मग माणसं निवडायची. डॉक्टर हुशार हवेत, तसेच चिखलात चढणारेही हवेत. शिवाय लोकांची बोली समजणारं, त्यांच्या ओळखीचं कुणीतरी बरोबर हवंच.

आता पिशवी. १०८ची रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथे थांबते; पुढचं ओझं पाठीवर! म्हणून मोजकंच घ्यायचं. जखमा धुण्याचं आणि बांधण्याचं सामान, धनुर्वाताची इंजेक्शनं, पाणी शुद्ध करायला क्लोरीनच्या गोळ्या, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं. चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, त्याचीही औषधं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते बरं का! आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या घरासोबत गाडल्या गेलेल्या असतात. त्याही न्यायला हव्यात. वाचता न येणाऱ्यांसाठी पुडीवर सूर्य आणि चंद्र काढायचे. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री!

तुमच्या कपाटातली खोकल्याची अर्धी बाटली मात्र देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे की, दान केलेलं औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत निदान एक वर्ष उरलेली असावी.

सगळ्यात अवघड काम पिशवीत मावत नाही. ज्या मुलाचे आई-बाबा गेले, त्याच्याजवळ नुसतं बसायचं. 'काय झालं, सांग ना,' म्हणून खोदून विचारायचं नाही. त्याचा फोटो काढायचा नाही. तो बोलला, तर ऐकायचं.

मग तुम्ही काय कराल? आईबाबांच्या मदतीने घरच्या घरी ओआरएस करायला शिका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. आणि कुठे मदत पाठवायची वेळ आली, तर मोठ्यांना एवढंच विचारा, "तिथल्या लोकांना काय हवंय, ते विचारलंत का?"