इंद्रधनुष्य केव्हा दिसते?

श्रावणातली दुपार. ऊनपाऊस पाहून धाकटी गच्चीवर धावली आणि हिरमुसून परतली. "बाबा, इंद्रधनुष्य नाहीच!"

चूक माझी! ऊन आणि पाऊस, एवढेच मी तिला सांगितले होते. सूर्यकिरण थेंबात शिरताना वळतो, आतून परततो, बाहेर पडताना पुन्हा वळतो. रंग सुटे होतात. तांबडा सुमारे ४२ अंशांच्या कोनातून डोळ्यांत येतो, जांभळा ४० अंशांच्या. सूर्य ४२ अंशांहून वर असला, की धनुष्य क्षितिजाखालीच राहते.

संध्याकाळी सर येताच तिला सूर्याकडे पाठ करून, पूर्वेकडे तोंड करून उभी केली. उमटले की हो!

"तुझे धनुष्य वेगळे, माझे वेगळे," मी म्हणालो. ज्याच्या-त्याच्या डोळ्यांत निराळ्या थेंबांतले किरण येतात ना! तिला काही पटले नाही.

"मग आईचे कुठे आहे?" म्हणत ती आईला आणायला खाली पळाली.