पर्पल मार्टिनला हवे माणसाचे अंगण

अमेरिकेच्या पूर्व भागातील पर्पल मार्टिन हा भिंगरी कुळातील पक्षी विणीसाठी आज जवळपास सर्वस्वी माणसाने उभारलेल्या घरट्यांवर विसंबून आहे. तेथील मूळ रहिवासी त्याच्यासाठी पोकळ भोपळे टांगत असत. दक्षिण अमेरिकेतून वसंतात परतणाऱ्या या पक्ष्यास घराजवळच्या मोकळ्या जागेत, झाडांपासून दूर, सुमारे ४ मीटर उंच खांबावरील घरटे भावते. पांढऱ्या रंगामुळे ते आतून तापत नाही. परंतु खरी कसोटी पुढेच आहे. १८९० मध्ये न्यूयॉर्कला सोडलेले युरोपीय स्टार्लिंग आणि आपल्याकडे जिच्यासाठी हळहळ व्यक्त होते ती चिमणी, हे दोघेही मार्टिनचे घर बळकावतात. जेमतेम ३ सेंटीमीटर उंचीचे अर्धचंद्राकृती प्रवेशद्वार स्टार्लिंगला अडवते. चिमणी मात्र त्यातूनही शिरते. तिचे गवतकाडीचे घरटे पुनःपुन्हा काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते.