शोधनियतकालिकांतील लेखकाचा स्वामित्वहक्क आणि मुक्त परवाना

१. प्रस्तावना

अध्यापकाचा शोधनिबंध स्वीकारला गेला, की संपादकांकडून एक छापील घोषणापत्र येते. त्यावर सही करून ते परत पाठवावयाचे असते. आपल्यापैकी अनेकजण ते न वाचताच सही करतात. प्रस्तुत लेखकानेही तेच केले होते. मादन हिप्परगा परिसरातील दखनी आणि मराठी बोलींमधील समान शब्दांविषयीचा माझा निबंध एका नियतकालिकात छापून आला. काही वर्षांनी त्याचा उर्दू अनुवाद प्रसिद्ध करावा असे वाटले. तोपर्यंत ते नियतकालिक बंद पडले होते आणि घोषणापत्राची प्रत मी ठेवलेली नव्हती. हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही, हे मला ठरविता आले नाही. तो अनुवाद आजही हस्तलिखितातच आहे.

असा प्रसंग इतरांवर येऊ नये, म्हणून स्वामित्वहक्क म्हणजे काय, मुक्त परवाना म्हणजे काय आणि सही करण्यापूर्वी काय पाहावे, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

२. कायद्यातील तरतुदी

आपल्याकडे कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू आहे. त्यातील कलम १७ नुसार कृतीचा पहिला हक्कदार सर्वसाधारणपणे लेखकच असतो. त्यासाठी नोंदणीची आवश्यकता नाही. नोकरीचे काम म्हणून केलेल्या लेखनाला मात्र अपवाद आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो.

हा हक्क दुसऱ्याला दोन प्रकारे देता येतो. पहिला प्रकार हस्तांतरणाचा. शेत विकल्यावर जसे ते आपले राहत नाही, तसेच येथे घडते. दुसरा प्रकार परवान्याचा. यात शेत आपलेच राहते. दुसऱ्याला ते कसण्याची परवानगी मिळते. निबंध छापण्यासाठी नियतकालिकाला परवाना पुरेसा असतो. संपूर्ण हस्तांतरण आवश्यक नसते.

कलम १९ अध्यापकांनी विशेष लक्षात ठेवावे. हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, हे त्यात नमूद करावे लागते. कालावधी लिहिलेला नसेल तर तो ५ वर्षांचा मानला जातो; प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे माझ्या घोषणापत्रात कालावधी नसता, तर हक्क केव्हाच माझ्याकडे परत आला असता. परंतु कागदच नसल्याने हे पडताळण्याचा मार्ग माझ्याजवळ राहिला नाही.

हक्क दिल्यानंतरही कलम ५७ नुसार लेखकपणाचा दावा आणि कृतीच्या विकृतीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

३. मुक्त परवाना

२००२ साली बुडापेस्ट येथून प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना विनामूल्य व निर्बंधांशिवाय वाचता यावे, अशी भूमिका मांडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. आज त्यांचे सहा मुख्य प्रकार आहेत. या सहाही प्रकारांत लेखकाचा नामोल्लेख बंधनकारक आहे. त्याला तीन अटी जोडता येतात : व्यापारी उपयोग करू नये, बदल केलेली कृती त्याच परवान्याखाली द्यावी, किंवा बदल केलेली कृती प्रसृत करू नये.

यातील शेवटची अट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. अनुवाद हाही बदलच मानला जातो. बिदर–कलबुर्गी सीमेवर एकाच गावात मराठी, कन्नड आणि उर्दू वाचणारे लोक राहतात. 'बदल नको' या अटीचा निबंध कोणालाही फुकट वाचता येईल. पण स्वतंत्र परवानगीशिवाय त्याचा कन्नड अथवा उर्दू अनुवाद प्रसिद्ध करता येणार नाही.

४. दोन उदाहरणे

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातून १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघते. मुंबईच्याच मेडनो या प्रकाशनसंस्थेच्या साहाय्याने ते इंटरनेटवर विनामूल्य झाले. छापील अंकाची वर्गणी चालू ठेवावयाची आणि लेखकाकडून शुल्क घ्यावयाचे नाही, ही मेडनोची पद्धत होती. २०११ मध्ये मेडनो ही संस्था वोल्टर्स क्लुवर या परदेशी प्रकाशनसमूहाने विकत घेतली. प्रकाशनसंस्थांची मालकी अशी बदलू शकते. परंतु एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना त्या प्रतीपुरता मागे घेता येत नाही.

दुसरे उदाहरण गोव्याचे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये अशा मुक्त परवान्याखाली खुला केला. त्यामुळे कोंकणी विकिपीडियासाठी त्यातील मजकूर वापरण्याचा मार्ग मोकळा झाला.

५. काही गैरसमज

पहिला गैरसमज असा, की मुक्त परवाना दिला म्हणजे हक्क सोडला. वस्तुतः हक्क असणाऱ्यालाच परवाना देता येतो. संपूर्ण हक्क हस्तांतरित केल्यावर लेखक स्वतःच्या निबंधालाही मुक्त परवाना जोडू शकत नाही. दुसरा गैरसमज असा, की मुक्त नियतकालिक म्हणजे पैसे भरून छापणे. शुल्क न घेणारी मुक्त नियतकालिके पुष्कळ आहेत. उलट शुल्क घेऊन तपासणीविना छापणारीही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी अध्यापकावर आणि त्याच्या संस्थेवर अधिकच आली आहे.

६. समारोप

सही करण्यापूर्वी घोषणापत्र पूर्ण वाचावे. 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द असल्यास त्याऐवजी प्रकाशनाचा परवाना देण्याची विनंती संपादकांना करावी. ती मान्य न झाल्यास निदान अनुवाद, ग्रंथातील समावेश आणि वर्गातील वापर हे हक्क लेखी राखून ठेवावेत. संपादकांनीही प्रत्येक निबंधाखाली परवान्याचा प्रकार स्पष्ट छापावा. आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत नियुक्तिपत्राच्या फाईलमध्येच ठेवावी. ही शेवटची सूचना सर्वांत साधी आहे. मी ती पाळली असती, तर तो अनुवाद प्रसिद्ध करता येईल की नाही, एवढे तरी मला आज सांगता आले असते.